सभा उठत नाही

कल्याण पूर्व
१२ जानेवारी २०२५

विठ्ठलवाडीच्या नाल्यालगत, करुणा नगरात राहणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

आपली सगळ्यांची एकच तक्रार आहे. आपल्याविषयी सगळे बोलतात, आपल्याला कोणी विचारत नाही. आपली घरं त्यांनी मोजली, त्यांनी पाडली, त्यांनीच पुन्हा कागदावर चढवली, आणि या सगळ्यात आपल्याला तोंड उघडू दिलं नाही.

प्रियांका, वरचं वाचून हसू नकोस. तुला एकटीला पत्र लिहायला बसलो आणि हाताने आपली सभा भरवली. चाळीस वर्षांची खोड आहे. ते खोडलं तर पुढचं सुचणार नाही, म्हणून राहू देतो.

मी तुला आठवत असेन. तू तेरा वर्षांची होतीस तेव्हा तुमच्या वस्तीत येऊन बोलणारा भगवान शेजवळ. तुझा पत्ता तुझ्या जुन्या शेजारणीने, भावनाने दिला. तू खोपटच्या एसटी आगारात पासच्या खिडकीवर असतेस असंही ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून फक्त श्वास येतो. फोन माझ्या उपयोगाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस पेटून चार ओळी लिहितो आणि समोरचा अंगठा दाखवतो. म्हणून पत्र.

आवाज गेल्यावर मी कादंबरी लिहायला घेतली. करुणा नगरची. तेरा प्रकरणं धडाधड झाली. चौदाव्यात ३ मे १९९६ ची सभा आहे, घरं पाडायच्या आदल्या दिवशीची. ती लिहिली, चांगली लिहिली. नायक बोलतो, ऊन उतरतं, शेवटची घोषणा होते. मग मी लिहितो, ‘सभा संपली आणि लोक उठले.’ इथे कथानक ठप्प. नोव्हेंबरपासून एकोणीस वेळा लिहिलं. लोक उठत नाहीत.

हे लेखकी बोलणं नाही. दुपारी तीनच्या सुमारास ऊन टेबलावर येतं तेव्हा ते माझ्या खोलीत बसलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत चारशे माणसं. पुढे मुलं, मग बाया, मागे उकिडवे पुरुष. रागावलेले नाहीत. बसची वाट बघावी तसे माझ्याकडे बघत असतात. पाणी प्यायला उठलो तर पाऊल कुठे टाकू असं होतं. माझी बायको सुमेधा म्हणते, असे पाय उचलून का चालता, फरशी काय ओली आहे?

तिसऱ्या ओळीत तुझी आई असते. हात वर.

त्या दिवशी भाषण ऐन रंगात असताना रमाबाईंनी खरंच हात वर केला होता. मी पाहिला. ‘प्रश्न शेवटी घेऊ’ म्हणालो आणि पुढे गेलो. थोड्या वेळाने हात खाली गेला. त्यानंतर काय झालं ते तुला माहीतच आहे. दर वर्षी ४ मेला मी ते सांगत आलो. सांगताना त्या हाताची मी मूठ केली. आता वाटतं तो प्रश्न होता आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ही माणसं जाणार नाहीत.

तुझ्या आईला काय विचारायचं होतं?

जय भीम.
भगवान शेजवळ


खोपट, ठाणे
२१ जानेवारी २०२५

भगवानकाका,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. खिडकीवरच वाचत बसले, लाइनमधली माणसं ओरडायला लागली. तुमच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. खोटं नाही लिहीत. तुमचा आवाज आमच्या वस्तीच्या त्या टोकापर्यंत यायचा.

पण एक सांगते. ‘त्यानंतर काय झालं ते तुला माहीतच आहे’ असं तुम्ही लिहिलंय. मला माहीत आहे. तुम्हाला नाही. माझी आई ४ मेला गेली नाही. ती बुलडोझरसमोर आडवी पडलेली नव्हती. ती ९ ऑक्टोबरला गेली, बुधवारी, दवाखान्यात, काविळीने. मधे पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत ती जेवली, भांडली, मला दोनदा मारलं, रोज माझी वेणी घातली.

तुम्ही स्टेजवरून म्हणायचात, ‘आणि दुसऱ्या दिवशी रमाबाई राहिल्या नाहीत.’ पहिली आठ-नऊ वर्षं मी खाली बसून ते ऐकलं. मग यायची बंद झाले.

हात कशाला वर केलेला ते मला ठाऊक आहे. मी तिच्या शेजारीच बसलेले. पण आधी तुम्ही सांगा. भाषण झाल्यावर तुम्ही कुठे गेलेलात?

प्रियांका


कल्याण पूर्व
२८ जानेवारी २०२५

प्रियांका,

तू मला तारखेची चूक दाखवतेस. मग ऐक. त्या एका वाक्यावर करुणा नगर उभं आहे. ‘दुसऱ्या दिवशी रमाबाई राहिल्या नाहीत’ हे ऐकून ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची माणसं रस्त्यावर आली. मोर्चे निघाले. घरांना नंबर मिळाले, वीज आली, घरात नळ आले. पाच महिने अंथरुणावर पडलेल्या बाईसाठी कोण रस्त्यावर येतं? काविळीची घोषणा होत नाही. लोकांना एक दिवस लागतो, एक चेहरा लागतो. मी तो दिला. हजार माणसांसमोर उभं राहून बघ, मग कळेल की पूर्ण सत्य तिथे मावत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. जीप उभी होती. खाली उतरलो, कोणीतरी तांब्या पुढे केला, पाणी प्यायलो आणि बसलो. सहा वाजता ठाण्यात दुसरी सभा होती. नेहमी असंच असायचं.

हे लिहिताना आत्ता एक गोष्ट लक्षात आली, ती तुझ्यापासून लपवत नाही. मी हजारभर सभा केल्या असतील. त्यातली एकही उठताना पाहिलेली नाही. शेवटचं वाक्य बोलायचं आणि निघायचं. मी निघालो तेव्हा लोक बसलेले होते, आणि माझ्या डोक्यात ते बसलेलेच राहिले.

पण त्यासाठी कादंबरी अडून राहावी असं मला वाटत नाही. तुझा मुद्दा धरून मार्ग काढला आहे, सोबत चार पानं पाठवतो. आता रमाबाई बुलडोझरसमोर जखमी होतात आणि पाच दिवसांनी जातात. उशाशी एक शेजारीण असते, तिच्या तोंडी शेवटचा संवाद घातला आहे. पाच महिने घेतले तर कथा लोंबकळेल. वाचून कळव.

जय भीम.
भगवान शेजवळ


खोपट, ठाणे
१९ फेब्रुवारी २०२५

भगवानकाका,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मुद्दाम दिलं नाही. पानं परत पाठवतेय.

पाच महिन्यांचे पाच दिवस. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी तुम्ही माझ्या आईशी केलीत. आणि उशाशी कोण, तर एक शेजारीण. काका, उशाशी मी होते. दुसरं कोणी नव्हतं. आधी तुमच्या भाषणात मी नव्हते, आता पुस्तकातही नाही.

तुम्हाला वाटतं नको असलेली माणसं फक्त तुमच्याच घरात येऊन बसतात. मला आईचे डोळे आठवत नाहीत. काविळीत डोळे पिवळे होतात एवढं मला माहीत आहे, जसं कोणालाही असतं. पण ते तिचे डोळे म्हणून समोर येत नाहीत. समोर येतो बुलडोझर. त्याच्याखाली ती, केसांत माती. असं कधी झालंच नाही आणि मला तेच दिसतं, भांडी घासताना, पासावर शिक्का मारताना. नऊ वर्षं ऐकून ऐकून तुमचं वाक्य माझ्या डोक्यात राहायला आलं आणि आई घराबाहेर गेली.

आता हाताचं सांगते. तुम्ही बोलत होतात तेव्हा चारच्या सुमाराला त्र्यंबकमामा माईकवाले मागून आले, दोन्ही भोंगे उतरवले, मशीन उचललं आणि टेम्पोत टाकून निघून गेले. शीळच्या बाजूला त्यांची हळदीची ऑर्डर होती, चारपर्यंतचंच बोलणं झालेलं. तुमच्यासमोरचा माईक तेवढा उभा ठेवला, तुमचा अपमान नको म्हणून. त्यानंतर पाऊण तास तुम्ही बंद माईकमध्ये बोलत होतात. पहिल्या दोन ओळींना ऐकू येत असेल. तिसरीला नव्हतं येत. आई हात वर करून तुम्हाला तेच सांगत होती. तुम्ही तिच्याकडे बघून काहीतरी म्हणालात, ते पण ऐकू आलं नाही.

मग भावनाच्या आईने तिचा हात धरून खाली ओढला. म्हणाली, “राहू दे गं. आवाज येत नाही ते बरंय. आपलं आपल्याला तरी ऐकू येतंय.”

पोलिसांची गाडी कडेला उभी होती. सभेला सहापर्यंत परवानगी होती. म्हणजे तुम्ही बोलताय तोवर आम्हाला कोणी उठवणार नव्हतं, आणि सगळी वस्ती एका जागी बसायची वेळ परत येणार नव्हती. बायकांनी तिथेच सगळं ठरवलं. कोणाची भांडी कोणाच्या बहिणीकडे, गरोदर बाया कुठे झोपणार, म्हाताऱ्यांना कोण नेणार. आईच्या पिशवीत बावीस मुलांचे शाळेचे दाखले जमा झाले. दुसऱ्या दिवशी वस्तीत एक भिंत उरली नाही, पण त्यातला एक दाखला हरवला नाही. तुमच्या एकाही भाषणात हे आलेलं नाही, कारण ते तुमच्या भाषणाच्या वेळी चाललेलं.

तिला तुम्हाला काही विचारायचं नव्हतं, काका.

प्रियांका


कल्याण पूर्व
९ मार्च २०२५

प्रियांका,

तुझं पत्र वाचून मी चिडलो. पाटीवर लिहून सुमेधाला दाखवलं, ‘मुलगी सूड घेतेय.’ तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “त्र्यंबक जिवंत आहे ना? मग जाऊन विचारा.”

रिक्षा करून शीळफाट्याला गेलो. त्र्यंबकचा धंदा आता मुलगा बघतो, डीजेचा. हा गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. मी पाटीवर लिहिलं, ‘३ मे ९६, विठ्ठलवाडी. माईक?’ त्याने चष्मा लावून वाचलं आणि असा हसला की खुर्ची हलायला लागली. म्हणाला, “मास्तर, येवरी वरसं झाली नि आज इचारता? मना वाटला तुमाला कलला आसंल. तुमचा आवाज मोटा, तुमी काय थांबलाव नाय. मंग मी कनाला सांगू?” मग त्याचं लक्ष माझ्या गळ्यावरच्या फडक्याकडे गेलं. हसणं बंद झालं. तो उठून आत गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. मला गरम चालत नाही हे लिहून दाखवायचा धीर झाला नाही. निवेपर्यंत कप धरून बसलो.

पाऊण तास, प्रियांका. ज्या पाऊण तासाला मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण समजत होतो. चौदावं प्रकरण त्याच भाषणाचं आहे. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे, आणि तो माझ्याशिवाय कोणीच ऐकलेला नाही.

मागच्या रविवारी दुपारी कल्याणात एक सभा होती, तिथे गेलो. मागे सतरंजीवर बसलो. वक्ता तरुण, तळमळीचा, वाक्यं जरा लांब. पहिल्यांदाच मी समोर न बघता आजूबाजूला बघितलं. माझ्यापुढच्या दोन बाया सुरुवातीपासून एका शाळेच्या व्हॅनवाल्याबद्दल बोलत होत्या आणि वक्त्याने टाळीचं वाक्य घेतलं की न थांबता टाळ्याही वाजवत होत्या. भाषण संपलं. वक्ता खाली उतरला, गाडीत बसला, गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही. मी राहिलो.

सभा एकदम उठत नाही. आधी मुलं उठतात. मग बाया एक हात जमिनीला टेकून अर्ध्या उठतात आणि तशाच बोलत राहतात. एकाने बुडाखालचा पेपर झटकला, घडी करता करता त्यातलीच बातमी वाचत उभा राहिला. एका म्हाताऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याची सून त्याचा पाय चोळत होती आणि कामावरच्या बाईला फोनवर झापत होती. सतरंजी ओढणाऱ्यांनी म्हातारा बसला होता तेवढा कोपरा सोडून बाकीची गुंडाळली. व्हॅनवाल्याचा निकाल लागला. उद्या चार जणी मिळून त्याच्या घरी जाणार होत्या. भाषणातलं एक अक्षर कोणाच्या तोंडात नव्हतं आणि तरी त्या तिथे भेटल्या नसत्या तर तो निकाल लागला नसता.

घरी येऊन सलग लिहिलं. अकरा पानं झाली. लिहिता लिहिता मान वर केली तेव्हा माझ्या खोलीतली माणसं उठायला लागली होती. मुलं आधी गेली. मग बाकीची. माझा निरोप कोणी घेतला नाही. चार महिन्यांनी मला माझी फरशी दिसली.

एक बाई मात्र राहिली आहे. हात आता खाली आहे, मांडीवरच्या पिशवीवर. ती पुढे कुठे जाते मला माहीत नाही, म्हणून ती उठू शकत नाही. पाच दिवसांची ती चार पानं मी फाडली. ते पाच महिने मला सांग. मागतोय, हक्क म्हणून नाही. त्यात मी कुठे नसलो तरी चालेल.

जय भीम.
भगवान


खोपट, ठाणे
२३ मार्च २०२५

भगवानकाका,

त्यात तुम्ही आहात. म्हणूनच इतके दिवस सांगत नव्हते.

बुलडोझरने नाल्याकडेची पाण्याची लाइन फोडलेली. आम्ही तिथेच ताडपत्र्या बांधून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आई पाण्याला गेली, रोजच्यासारखी, फक्त नळ नव्हता, नाल्यात उतरून फुटक्या लाइनच्या सांध्यातून भरायचं. पुढे कोणीतरी त्या सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. पाण्याला वास यायचा. आई पदराने दोनदा गाळायची. दाखल्यांची पिशवी शाळा सुरू होईपर्यंत तिच्या उशाखाली होती. जूनमध्ये ती घरोघर, म्हणजे ताडपत्री ताडपत्री फिरून प्रत्येकाचा दाखला देऊन आली.

ऑगस्टमध्ये तिला जेवण जाईना. भाताचा वास आला तरी उलटी. शेजारणींनी काविळीची माळ आणली. कसल्याशा काड्यांची असते, डोक्यावर घालायची, मग ती सैल होत होत गळ्यात उतरते. पायापर्यंत आली की कावीळ गेली म्हणतात. आईला असलं काही पटायचं नाही. मी रडले म्हणून घातली. म्हणाली, “तुझ्यासाठी घालते, काविळीसाठी नाही.” माळ गळ्यापर्यंत आली आणि थांबली. रोज सकाळी मी बोटं लावून मोजायचे.

सप्टेंबरमध्ये एक दिवस भावनाची आई ठाण्याच्या सभेवरून आली. तोंड उतरलेलं. काय झालं सांगेना. आईनेच खोदून खोदून विचारलं. तुम्ही त्या सभेत आईला श्रद्धांजली वाहिलेलीत, काका. सगळं मैदान तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहिलं. आई तेव्हा आमच्यासमोर बसून मोसंबी सोलत होती.

तिने मोसंबी खाली ठेवली. म्हणाली, “एवढी माणसं उभी राहिली माझ्यासाठी? मग मी पण बसते गप्प. प्रियांका, दोन मिनिटं मोज गं.”

मी मोजली. एकशेवीस. ती डोळे मिटून ताठ बसली, गळ्यात ती माळ. नव्वदच्या पुढे तिला हसू यायला लागलं, ते तिने ओठ दाबून आत ठेवलं. भावनाची आई रडत होती. एकशेवीसला आईने डोळे उघडले. हळदीसारखे पिवळे होते, आणि कडेने हसत होते.

आत्ता हे लिहिताना दिसले ते मला. इतक्या वर्षांनी.

का केलंत तुम्ही ते? ती जिवंत आहे का, एवढं विचारायला ठाण्याहून किती लांब होतो आम्ही?

आणि आता मुख्य गोष्ट. हिशोब तुमच्या-माझ्यापुरता असता तर सोडून दिला असता. आई बुलडोझरखाली गेली म्हणून सगळ्यांनी बुलडोझरकडे बघितलं. पाण्याकडे कोणी बघितलंच नाही. त्या वर्षी आमच्या रांगेत अजून चार माणसं काविळीने गेली, ती कोणाच्या भाषणात आली नाहीत. वर फरशी आली, नळ घरात आले, लाइन तीच राहिली, त्याच नाल्यातून जाणारी. या महिन्यात वस्तीत तीन जण पिवळे पडलेत. भावनाची मुलगी प्रीती त्यातली एक. अकरावीला आहे. परवा भावनाचा फोन आलेला, ठाण्यात कुठे काविळीची माळ मिळते का विचारत होती.

‘म्हणजे शेवटी बुलडोझरनेच मारलं’ असं आता लिहू नका. मला माहीत आहे तुम्हाला ते सुचलं असणार.

प्रियांका


कल्याण पूर्व
१३ एप्रिल २०२५

प्रियांका,

सुचलं होतं. लिहिलं नाही.

का केलं, त्याचं उत्तर देतो. कोणीतरी मला सांगितलं होतं की रमाबाई फार आजारी आहेत, यातून उठायच्या नाहीत. भाषणात तुझ्या आईचं नाव आलं आणि वाक्य तोंडातून भूतकाळात बाहेर पडलं. मैदान असं शांत झालं की तशी शांतता मला कधीच मिळाली नव्हती. मी दुरुस्ती केली असती तर ती परत द्यावी लागली असती. मी ती ठेवून घेतली. पुढे दर वर्षी पुन्हा मागत राहिलो. याची माफी कुठल्या शब्दांत मागतात मला माहीत नाही, आणि चांगले शब्द सापडले तर त्यांचाच संशय येईल.

पंधरावं प्रकरण सुरू झालं. पहिलं वाक्य तुझंच आहे जवळजवळ. ‘दुसऱ्या दिवशी रमाबाई पाण्याला गेल्या.’ ते लिहिलं आणि खोलीतली बाई पिशवी सावरून उठली. दारापर्यंत गेली, वळली नाही. त्यानंतर हात थांबलेला नाही. सप्टेंबरपर्यंत आलो आहे. उशाशी तेरा वर्षांची मुलगी आहे आणि ती मोजते आहे. दुपारी तीन वाजता खोली आता अगदी रिकामी असते. खरं सांगू? भीती आता वाटते. ते होते तोवर मला वाटायचं की ते माझ्यासाठी बसले आहेत.

कादंबरी होईल तेव्हा होईल. प्रीतीला तिची वाट बघता येणार नाही. म्हणून खालचं पत्र वस्तीसाठी लिहिलं आहे. रविवारी जाऊन ते घरोघरी वाच. स्टेज घालू नकोस. कोणी मधे बोललं तर थांब आणि त्यांचं होऊ दे.

भगवान


करुणा नगरच्या रहिवाशांनो,

एकोणतीस वर्षं तुमच्या घरात नाल्यातून आलेलं पाणी येतं आणि एकोणतीस वर्षं त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. ही तुमची तक्रार आहे आणि ती खरी आहे. ती पहिल्यांदा माझ्याविरुद्ध नोंदवा.

रमाबाई गांगुर्डे ४ मेला गेल्या नाहीत. त्या ९ ऑक्टोबर १९९६ रोजी काविळीने गेल्या. मी त्यांना पाच महिने आधी मारलं, कारण मला भाषणासाठी तसं मरण हवं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तुमच्यातल्या ज्यांनी त्या पाच महिन्यांत त्यांना रोज पाहिलं होतं, तेसुद्धा पुढे माझं खरं आणि आपलं डोळ्यांनी पाहिलेलं चूक असं मानायला लागले. माझ्या आवाजाची ताकद तुम्ही वाखाणत होतात ती हीच. त्या आवाजाखाली पाण्याचा प्रश्न दबला, आणि त्याच्याबरोबर त्या वर्षी गेलेली आणखी चार माणसं दबली. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत. प्रियांकाला सांगा, ती लिहून घेईल.

दर ४ मेला तुम्ही हार घेऊन जमता. तो दिवस मी बनवलेला आहे, यंदा त्या दिवशी आपापली कामं करा. या खेपेला भाषण नाही, झेंडा नाही, माझा फोटो नाही. मी येईन आणि तुमच्यात उभा राहीन. बोलायचं ते तुम्ही बोला.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी अकरा वाजता पाणीखात्याच्या ऑफिसच्या दारात या. येताना प्रत्येक घराने आपल्या नळाचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून, त्यावर आपला घर नंबर लिहून, ती बाटली तपासणीसाठी स्वतःच्या हाताने तिथल्या साहेबांच्या टेबलावर आणून ठेवावी.